पाडल्याची राखण

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की डोळ्यांपुढे वाघ येतो, निदान चितळांचा कळप तरी. धार जिल्ह्यातलं बाग गावाजवळचं राष्ट्रीय उद्यान या कल्पनेत बसत नाही. इथे जे सांभाळायचं ते साडेसहा कोटी वर्षांहून जुनं आहे आणि दगड झालेलं आहे: डायनासोरांची अंडी, त्यांची घरटी, शार्कचे दात, शिंपले, झाडांची खोडं. पाडल्या गावाच्या परिसरातलं हे डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान २०११मध्ये जाहीर झालं. क्षेत्रफळ जेमतेम ९० हेक्टर.

दगडाला राखणदार कशाला, असं कुणालाही वाटेल. वाघ मेला तर चौकशी बसते, विधानसभेत प्रश्न विचारला जातो. अंडं घराच्या पायात गेलं, बांधावर रचलं गेलं, कुणाच्या दिवाणखान्यात शोभेला जाऊन बसलं, तर त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. तोडलेलं जंगल काही वर्षांनी पुन्हा फुटू शकतं. जीवाश्म गेला की गेला. म्हणून या उद्यानाला इतर कुठल्याही उद्यानापेक्षा जास्त डोळे लागतात, आणि ते तिथेच राहणाऱ्यांचे, रोज त्या पायवाटेने जाणाऱ्यांचे असावे लागतात.

मला जे म्हणायचं आहे ते या डोळ्यांविषयी आहे. आपल्या देशात सार्वजनिक जागा बहुतेक वेळा कुणीतरी हौसेने, पदरमोड करून, नोकरी सांभाळून राखलेल्या असतात. सरकार उशिरा येतं, कुंपण घालतं, फलक लावतं, उद्घाटनाच्या दिवशी या माणसांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना विचारेनासं होतं. ही रीत बदलली पाहिजे. जो जागा सांभाळतो त्याला त्या जागेबद्दलच्या निर्णयात हक्काने बसता आलं पाहिजे, आणि त्याचा हक्क कागदावर लिहिलेला असला पाहिजे.

अशी माणसं पाडल्याच्या परिसरातही आहेत. मनावर हे मान नदीकाठचं तालुक्याचं गाव. विंध्याचा उतार इथे संपतो आणि निमाड सुरू होतो. या भागातली 'मंगल पंचायतन परिषद' हा हौशी शोधकांचा लहानसा गट. २००७मध्ये या गटाने कुक्षी-बाग भागात डायनासोरांची शंभरावर अंडी सापडल्याचं जाहीर केलं आणि धार जिल्ह्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. या शोधकांपैकी विशाल वर्मा हे बाकानेरच्या उच्च माध्यमिक शाळेतले शिक्षक. जानेवारी २०२३मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद करणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान आणि गुंटुपल्ली प्रसाद यांच्याबरोबर वर्मा यांचं नाव आहे, आणि त्यांच्या नावापुढे पत्ता आहे तो बाकानेरच्या शाळेचा. विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या नावांशेजारी खेड्यातल्या शाळेचं नाव छापलं जावं, ही मला त्या निबंधातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते.

त्याच्या आदल्या वर्षी याच मंडळींनी पाडल्याच्या एका अंड्याबद्दल लिहिलं होतं. दहा अंड्यांच्या एका घरट्यातल्या त्या अंड्यात एकाबाहेर एक अशी दोन कवचं दिसली. अंड्यात अंडं, हा प्रकार पक्ष्यांमध्ये माहीत होता. सरपटणाऱ्या प्राण्यांत तो कधी नोंदला गेला नव्हता. टायटॅनोसॉरसारख्या अजस्र डायनासोरची अंडी घालण्याची रीत काही बाबतींत पक्ष्यांच्या जवळची असावी, एवढा मोठा निष्कर्ष त्या एका दगडावर उभा आहे. तो दगड कुणी बांधाला लावला असता तर हा निष्कर्ष कुठून निघाला असता?

इथलं अंडं जमिनीत कसं दिसतं ते सांगितलं पाहिजे, कारण बहुतेकांच्या मनात सिनेमातलं अंडं असतं. इथे सुटा, गुळगुळीत, लंबगोल गोटा हाताला लागणं दुर्मीळ. वाळूमिश्रित, पांढुरक्या-करड्या चुनखडकाच्या पृष्ठभागावर वीतभर रुंदीचं एक वर्तुळ दिसतं. कधी पूर्ण, कधी कोयरीसारखं दबलेलं, कधी फक्त अर्धं. वर्तुळाची कड म्हणजे कवच: मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची गडद रेघ. कोरड्या दगडावर ती नजरेतून निसटते. वर पाणी शिंपडलं की उठून येते. भिंग लावलं तर कवचाच्या बाहेरच्या अंगाला बारीक गाठी दिसतात, आणि कवचातून आरपार गेलेली छिद्रं, ज्यांतून आतल्या जिवाला हवा मिळायची. एका वर्तुळाशेजारी दुसरं, मग तिसरं. एका घरट्यात वीसपर्यंत अंडी सापडली आहेत. घरटी इतकी जवळजवळ आहेत की एवढ्या अवाढव्य माद्यांना त्यांच्यामधून फिरणं जमलं नसतं; अंडी घालून, वर माती लोटून त्या निघून जात असाव्यात असा संशोधकांचा अंदाज आहे. थोडक्यात, या अंड्यांची राखण त्यांच्या आयांनीही केली नाही. ती आता माणसावर आली आहे.

आणि माणूस याच जमिनीवर राहतो. भिल्ल आणि भिलाला वस्तीचा हा मुलूख, उथळ मातीचा, दगडांचा. शेत साफ करायचं म्हणजे दगड वेचून बांधावर टाकायचे. घर बांधायचं म्हणजे जवळचाच दगड पायात भरायचा. यात शेतकऱ्याचा दोष काढणं चूक आहे. वर्तुळ असलेला दगड आणि नसलेला दगड यांत फरक आहे, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला अगदी हेच झालं होतं. तिथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अंडी आणि हाडं सापडली, आणि पुढे आलिया सुलताना बाबी यांनी त्या जागेच्या जपणुकीला वाहून घेतलं. गावातल्या एका म्हातारीच्या घरी मसाला वाटायला वापरला जाणारा गोटा डायनासोरचं अंडं निघाला, ही त्यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. पाटा-वरवंट्यापाशी पोचलेला जीवाश्म निदान घरात तरी होता. गाडीत घालून परमुलखात विकला गेलेला जीवाश्म कायमचा हरवतो, कारण तो कुठल्या थरातून, कुठल्या घरट्यातून उचलला हे त्याच्याबरोबर जात नाही.

यावर कायदा काय म्हणतो? जीवाश्मांसाठी म्हणून देशात वेगळा कायदा नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये भू-वारसा स्थळांबद्दलच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यावर बरीच टीकाही झाली, कारण सगळे अधिकार एकाच सरकारी खात्याच्या हाती जात होते. सध्या पाडल्याला लागू आहे तो १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. जिवंत प्राण्यांसाठी केलेला हा कायदा राष्ट्रीय उद्यानात चराईला बंदी घालतो आणि परवानगीवाचून आत येऊ देत नाही. वाघाच्या दृष्टीने ते ठीकच आहे. जीवाश्माच्या दृष्टीने पाहा: शेळ्या वळणारा पोरगा हा माळरानावरचा सर्वांत तीक्ष्ण नजरेचा माणूस. कुठली घळ यंदाच्या पावसात खचली, कुठे नवा दगड उघडा पडला, हे त्याला नाकेदाराच्या आधी कळतं. कायद्याच्या अक्षराबरहुकूम चाललं तर त्यालाच पहिल्यांदा बाहेर काढावं लागेल. शिवाय कुंपण ९० हेक्टरांना. घरटी सापडली आहेत ती आखाडा, ढोल्या रायपुरिया, झाबा, जामनियापुरा अशा कितीतरी गावांच्या शिवारात. तिथली राखण कुंपणाने कशी होणार?

ती माणसांनीच करावी लागेल. मालव्याला आणि निमाडाला हौशी माणसांनी केलेल्या मोठ्या कामाची जुनी परंपरा आहे, आणि तिच्यात मराठी माणसांचा वाटा ठळक आहे. स्वातंत्र्याआधी बाग ग्वाल्हेर संस्थानात होतं. तिथल्या बौद्ध लेण्यांची आणि भित्तिचित्रांची नोंद, जपणूक, प्रती करवून घेणं हे संस्थानाचे पुरातत्त्वप्रमुख मो. ब. गर्दे यांच्या काळात झालं. १९२१मध्ये नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांच्यासारखे चित्रकार त्यासाठी बागला आले. गर्दे पगारी अधिकारी होते, हे खरं. पण विष्णू श्रीधर वाकणकर? नीमचला जन्मलेले, उज्जैनला राहिलेले, मुळात चित्रकार. १९५७मध्ये रेल्वेने जाताना दूरवरच्या खडकांचे आकार पाहून त्यांना काहीतरी जाणवलं, ते तिकडे गेले आणि भीमबेटका जगापुढे आलं. २००३मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. वाकणकर आयुष्यभर विद्यार्थ्यांना घेऊन डोंगर-घळी तुडवत राहिले. याच राज्यात घुघवाचं वनस्पती-जीवाश्मांचं उद्यान आहे. ते १९७०च्या दशकात उजेडात आणलं धर्मेंद्र प्रसाद यांनी; ते मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी होते आणि पुरातत्त्वाचं काम मानद सचिव म्हणून पाहत होते. चित्रकार, सांख्यिकी अधिकारी, शाळामास्तर. अशा शोधाला आधी मोकळी संध्याकाळ आणि पायाला सवय लागते. पदवी नंतर कामी येते. ही माणसं योगायोगाने भेटलेली नाहीत. खात्याचा माणूस बदलीवर येतो आणि जातो. जमिनीवर वर्षानुवर्षं फिरणारा माणूस तिथलाच असतो.

डिसेंबर २०२३मध्ये पाडल्याचं नाव पुन्हा गाजलं. शेताच्या हद्दीवरचा 'काकड भैरव' म्हणून गावकरी ज्या गोल दगडांची पूजा करत आले, ते डायनासोरांची अंडी असल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. बहुतेक बातम्यांचा सूर गमतीचा होता: पाहा, लोक कशाला नारळ वाढवतात! मला तो सूर खटकला. ज्या दगडाला शेंदूर लागला तो दगड बांधाच्या भिंतीत जात नाही, त्याच्यावरून कुणी नांगर फिरवत नाही, तो कुणी विकत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या देवराया अशाच टिकल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर बोडके झाल्यावरही देवाच्या नावाने राखलेल्या त्या रायांत जुनी झाडं आणि वेली शाबूत असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. तिथे वाळली काटकीही न उचलण्याचा नियम गावाने पाळला आणि वर्षातून एकदा जत्रेला सगळं गाव तिथे जमलं. या दोन गोष्टी एकत्र होत्या म्हणून राई राहिली. नियम मोडला तर देव कोपेल ही भीती होती, तशीच सगळ्यांची ये-जाही होती. कुणी काय तोडलं ते जत्रेत सगळ्यांना दिसायचं.

मात्र श्रद्धेवर सगळं सोपवावं असं मी म्हणणार नाही. श्रद्धा निवडक असते. शेंदूर लागलेला दगड वाचतो, त्याच्या शेजारचा वाचत नाही. आणि रस्ता रुंद करायचा ठरला की देवराईतला देवसुद्धा दुसरीकडे हलवता येतो, हे कोकणात आपण पाहिलं आहे. गावाची आपुलकी आणि विज्ञानाची नोंद यांची सांगड घालणारा कुणीतरी लागतो. मनावर-बाकानेरच्या त्या गटाने तेच केलं.

आता वेळापत्रकाचा मुद्दा. माझ्या मते बहुतेक सरकारी योजना फसतात त्या इथे. पाडल्याच्या जमिनीला स्वतःचं वर्ष आहे. मृगाच्या आधी नांगरट होते, तेव्हा माती उलटते आणि धोका सर्वाधिक असतो. मग पाऊस. पाऊस हाच इथला खोदकाम करणारा: दरवर्षी वरची माती धुऊन नेतो, ओहोळांच्या कडा ढासळवतो आणि नवी अंडी उघडी पाडतो. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत जमीन स्वच्छ धुतलेली, गवत पिवळं पडत आलेलं, ऊन सोसण्यासारखं. शोधासाठी आणि मोजणीसाठी याहून चांगला काळ नाही. पण दिवाळी सरली की गावं रिकामी होऊ लागतात. दर घरातून एक-दोन माणसं मजुरीला गुजरातेत जातात, कधी पूर्ण कुटुंबच कुलूप लावून निघतं. ती परततात ती भगोरियाला.

भगोरिया म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यातले हाट. ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तिथे भगोरिया. आज इथे, उद्या तिथे, अख्खा पट्टा आठवडाभर फिरत असतो. मांदळ घुमतात, बासऱ्या वाजतात, एका घरच्या किंवा एका गावच्या मुली एकसारख्या रंगाच्या साड्या-ओढण्यांत आणि चांदीच्या दागिन्यांत येतात, ताडीची मडकी रिकामी होतात, खजूर-जिलबीची दुकानं लागतात. महिनोन्महिने परमुलखात राबलेला माणूस या एका आठवड्यात सगळ्यांना भेटतो. गावाशी काही बोलायचं असेल तर हाच आठवडा. त्या बाजारात सतरंजी टाकून चार जीवाश्म, पाण्याचं भांडं आणि दोन भिंगं घेऊन गावचीच दोन शिकलेली पोरं बसली, तर जे काम होईल ते शहरातल्या सभागृहात घेतलेल्या कार्यशाळेने होणार नाही.

सरकारी वर्ष मात्र याच दिवसांत मार्चअखेरीच्या घाईत बुडालेलं असतं. निधी संपवायचा असतो, देयकं काढायची असतात. मग येतो ५ जून. देशातल्या निम्म्याहून अधिक भागात पाऊस पोचलेला नसतो, जमीन तापलेली असते आणि आपण पर्यावरण दिन म्हणून रोपं लावतो. १९५०मध्ये क. मा. मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला तो जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर. ते शहाणपण आपण हळूहळू हरवलं. २ जुलै २०१७ रोजी मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सहा कोटींहून अधिक रोपं लावल्याचं सांगण्यात आलं. महाराष्ट्राने त्याच सुमारास तीन वर्षांत ५० कोटी झाडांचा संकल्प सोडला आणि पुढे त्याची चौकशी करायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. लावणं एका दिवसाचं काम, जगवणं निदान तीन उन्हाळ्यांचं. पहिल्याला छायाचित्रकार येतो, दुसऱ्याला घागर घेऊन कुणीतरी गावातलं माणूस जावं लागतं. सांगली जिल्ह्यात सागरेश्वरचा उजाड डोंगर धों. म. मोहिते यांनी अशाच सातत्याने हिरवा केला, आणि १९८५मध्ये त्याचं अभयारण्य झालं. एका दिवसाच्या विक्रमाने ते झालं नसतं.

ऋतूंप्रमाणे चालणाऱ्या राखणीचं एक चांगलं उदाहरण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. लाइम रीजिस आणि चारमथ इथे दर हिवाळ्यात वादळं कडे ढासळवतात आणि नवे जीवाश्म वाळूत येऊन पडतात. आपल्याकडे पावसाचं जे काम तेच तिथे समुद्राचं. दोनशे वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर मेरी ॲनिंग या गरीब सुताराच्या मुलीने समुद्री सरीसृपांचे सांगाडे शोधले. तिच्या शोधांवर थोरामोठ्यांनी नाव कमावलं आणि भूगर्भशास्त्रज्ञांच्या मंडळात तिला, बाई म्हणून, जागा मिळाली नाही. आज त्या किनाऱ्यावर एक आचारसंहिता आहे. कड्यात खोदायचं नाही, मात्र लाटांनी खाली आणलेलं वेचता येतं, आणि महत्त्वाचं काही सापडलं तर त्याची नोंद करावी लागते. चारमथच्या केंद्रात कर्मचाऱ्यांबरोबर स्वयंसेवक असतात, लोकांना किनाऱ्यावर फिरवून दगड ओळखायला शिकवतात. नाहीतरी लाटा तो दगड फोडून टाकणारच, तेव्हा तो ओळखीच्या हाती जावा, असा त्यामागे साधा हिशेब आहे. पाडल्याला हा नियम जसाच्या तसा चालणार नाही, इथे वेचण्याची मुभा देणं घातक ठरेल. पण नोंद करणाऱ्याला चोर न मानता भागीदार मानायचं, ही वृत्ती घेण्यासारखी आहे.

स्वयंसेवकांना अधिकार द्या म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खरा आहे: आज राखणारा उद्या मालक होतो. मुंबईत आपण दोन्ही टोकं पाहिली आहेत. ओव्हल मैदानाची पार रया गेली होती. नव्वदच्या दशकात आसपासच्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात जाऊन ते सांभाळायला घेतलं, आणि आज शेकडो पोरं तिथे क्रिकेट खेळतात. त्याच्या दोन बाजूंच्या इमारती २०१८मध्ये जागतिक वारसा ठरल्या. दुसरीकडे, सांभाळायला म्हणून दिलेल्या कित्येक मोकळ्या जागांवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले आणि सामान्य माणसाला फाटकावर अडवलं जाऊ लागलं. जानेवारी २०१६मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचं नवं धोरण मंजूर केलं तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले आणि मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. म्हणजे चांगुलपणाच्या भरवशावर जागा कुणाच्याही हवाली करता येत नाही.

पाडल्याच्या बाबतीत याला उत्तर कायद्यातच आहे. कुक्षी, बाग, मनावर हा सगळा पट्टा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्राचा. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६चा पेसा कायदा इथे लागू आहे आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम नोव्हेंबर २०२२मध्ये केले. सामूहिक संसाधनं आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार या कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहे. गौण खनिजाच्या पट्ट्याला ग्रामसभेची शिफारस लागते. ग्रामसभा कुणा एका गटाची नसते आणि तिला क्लब काढता येत नाही. म्हणून उद्यानासाठी आणि उद्यानाबाहेरच्या घरट्यांसाठी एक समिती हवी, तिच्यात ग्रामसभांचे प्रतिनिधी बहुमतात हवेत, हौशी शोधक हवेत, विद्यापीठाचे आणि वनखात्याचे लोक हवेत. आणि खोदकाम, रस्ता, नमुने बाहेर नेणं यांपैकी काहीही तिच्या लेखी संमतीशिवाय होता कामा नये. खुरासानी चिंचेच्या प्रकरणातून एवढं तरी शिकावं. मांडू आणि धारची ओळख असलेली ही शतकानुशतकांची झाडं २०२२च्या सुमारास मुळासकट उपटून हैदराबादच्या एका खासगी उद्यानाकडे नेली जाऊ लागली. लोक आडवे आले, प्रकरण इंदूर खंडपीठापर्यंत गेलं, तेव्हा कुठे थांबलं. परवानगी देण्याआधी गावाला विचारलं असतं तर ही पाळीच आली नसती.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. स्वयंसेवेचं फार कौतुक होऊ लागलं की मला धास्ती वाटते, कारण त्या कौतुकाआड सरकार स्वतःची जबाबदारी टाळतं. शिक्षकाने सुट्टीत डोंगर धुंडाळावा हे ठीक. पण रोजची गस्त, नोंदवही, उघड्या घरट्यावरचं छप्पर ही फुकट करून घेण्याची कामं नाहीत. शेतात अंडी सापडली म्हणून ज्याला तेवढा तुकडा नांगरता येत नाही, त्याला दरवर्षी भरपाई मिळाली पाहिजे. मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या तरुणांपैकी प्रत्येक गावातल्या दोघांना जरी जीवाश्मरक्षक म्हणून बारमाही पगार मिळाला, तरी एवढ्या लहान उद्यानाच्या राखणीचा प्रश्न बराचसा सुटेल. मांडूत डायनासोरांचं संग्रहालय झालं आहे, चांगलंच आहे. संग्रहालयाच्या भिंतींना पैसा मिळतो आणि माणसांना मिळत नाही, हे चांगलं नाही.

हे सगळं धारपुरतं नाही. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरांचे अवशेष आणि त्यांची दगड झालेली विष्ठा शेतांत पसरलेली आहे. इंग्रजांच्या काळापासून संशोधक तिथे येतात. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या सहली तिथे जातात? महाबळेश्वरला जाणाऱ्या बसपैकी एक जरी वडधमकडे वळली तरी त्या गावच्या लोकांना आपल्या दगडांची किंमत कळेल, आणि मुलांना कळेल की आपल्या राज्यातला इतिहास किल्ल्यांच्या फार आधी सुरू होतो.

पावसाळ्यात मांडूला जाणाऱ्यांत मराठी माणसं पुष्कळ असतात. धुळे-जळगावकरांना तर ते घरचंच. यंदा जाल तेव्हा एक दिवस वाढवा, मनावर-कुक्षीवरून बागला जा, लेणी पाहा, बागची ठशांची छपाई पाहा आणि परवानगी काढून, गावचा माणूस वाटाड्या घेऊन, त्याला त्याचे पैसे देऊन पाडल्याचे दगड पाहा. तिथला खडाही खिशात टाकू नका. कुणी 'अंडं' विकायला आणलं तर घेऊ नका, घासाघीसही करू नका. कवचाची रेघ असलेला दगड वाटेत दिसलाच, तर जागेवरून न हलवता त्याचा फोटो घ्या, शेजारी मोजमापासाठी एखादं नाणं ठेवा, ठिकाण टिपून ठेवा आणि वाटाड्याला किंवा गावातल्या शिक्षकाला सांगा.